बंदूक आणि न दिसणारा माणूस



व्याख्यात्यांच्या यादीत आमचे नाव वाचून आपणांपैकी पुष्कळांनी असा तर्क केला असेल की, आज बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार यांपलीकडे काही ऐकावयास मिळणार नाही. तो तर्क चुकीचा नाही. तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललो नाही. परंतु चालकांनी आम्हांस बजावून सांगितले, 'या खेपेला काही हलकेफुलके घ्या, मुलेबाळेही येतात.' म्हणून आम्ही विषय निवडला तो विज्ञानकथेवरील विनोदी चित्रपटांत दिसणाऱ्या बंदुकांचा. हे ऐकून घरी आमच्या चिरंजीवांनी विचारले, 'बाबा, तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं?' प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मात एकच बंदूक चालविली, ती दिवाळीच्या टिकल्यांची. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुटीत. तेव्हा आम्ही बोलणार ते बंदुकीचे जाणकार म्हणून नव्हे, तर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस म्हणून. बंदूक हेही एक यंत्रच आहे.

विज्ञानकथा, विनोद आणि बंदूक ही तिन्ही ज्यात एकत्र आली असा आपल्या सर्वांच्या ओळखीचा चित्रपट म्हणजे 'मिस्टर इंडिया'. तो मे १९८७ मध्ये मुंबईत तयार होऊन लागला. दिग्दर्शन शेखर कपूर यांचे, लेखन सलीम-जावेद यांचे. त्या सुमारास आम्ही गाव सोडून नुकतेच वाळूजला आलो होतो. वसाहत तेव्हा नवी. बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झालेला आणि त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या लहानलहान शेड माळावर एकेक करून उभ्या राहत होत्या. एका रविवारी आम्ही चौघे सोबती बसने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि पुढच्या रांगेत मान वर करून तो चित्रपट पाहिला.

कथा आपणांस ठाऊक आहे. अनाथ मुलांना सांभाळणारा अरुण नावाचा एक साधा, कर्जबाजारी माणूस. त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी लावलेला शोध त्याच्या हाती येतो. ते उपकरण मनगटावर बांधले की माणूस दिसेनासा होतो; फक्त तांबड्या प्रकाशात दिसतो. माणूस अदृश्य होण्याची कल्पना जुनी आहे, एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने तिच्यावर १८९७ मध्येच कादंबरी लिहिली. परंतु वेल्सचा अदृश्य माणूस लोकांना छळतो आणि आपला अदृश्य माणूस छळणाऱ्यांना चोप देतो. समोर मोगँबो. त्याचे बेट, त्याचे शस्त्रधारी शिपाई, हिंदुस्थानावर रोखलेली क्षेपणास्त्रे.

आता विनोद कोठे होतो ते पाहा. शस्त्रे सगळी मोगँबोच्या बाजूला आणि या बाजूला रिकाम्या हाताचा एक माणूस. तरीही चित्रगृह हसते, कारण ज्याच्यावर बंदूक रोखायची तो दिसतच नाही. बंदूक हे नेमाचे हत्यार आहे. तलवार आंधळेपणाने फिरविता येते, लाठी अंधारातही लागते. परंतु बंदुकीला अगोदर डोळा लागतो. डोळ्याला काही दिसेना की बंदूकवाला गोंधळतो, आणि गोंधळलेल्या बंदूकवाल्याएवढे हास्यास्पद दृश्य दुसरे नाही. पुढच्या रांगेत आम्ही चौघे पोट धरून हसलो, त्याचे वर्म हे होते. रोज मुकादमापुढे मान खाली घालणाऱ्या माणसाला मुकादमासारख्या माणसाची अशी फजिती फुकट पाहावयास मिळत नाही. तिकिटाचे पैसे तेथेच वसूल झाले.

बंदुकीला डोळ्याखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हुकूम मानणारा हात. त्याच चित्रपटात मोगँबो पाहुण्यांना आपल्या शिपायांची निष्ठा दाखवितो. तो आज्ञा करतो आणि शिपाई त्याचा जयजयकार करीत उकळत्या तेजाबात उड्या घेतात. प्रसंग थट्टेच्या अंगाने घेतलेला आहे. परंतु त्या वेळी आमच्या शेजारचा सोबती हसता हसता म्हणाला, 'हे येडे त्याच्यावरच बंदूक का धरत नाहीत?' एवढा मोठा राजकीय प्रश्न आम्ही पुढे अनेक अधिवेशनांतही ऐकला नाही. शस्त्र त्यांच्या हातात होते, संख्याही त्यांचीच मोठी होती. नव्हती ती एकच गोष्ट: एकमेकांकडे पाहण्याची सवय.

आणि एक गंमत सांगतो. मोगँबोची भूमिका करणारे अमरीश पुरी चित्रपटांत नाव मिळण्यापूर्वी अनेक वर्षे कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरीस होते. वाळूजच्या कामगाराच्या खिशात ज्या ईएसआयचे कार्ड असते, तेच हे महामंडळ. जगाला भिवविणारा हा खलनायक कामगारांच्या विम्याच्या कचेरीत बसत होता. तेव्हा आपल्या कार्डाकडे यापुढे जरा आदराने पाहावे.

असो. आता पडद्यावरून पडद्यामागे जाऊ. 'मिस्टर इंडिया'चे छायाचित्रण बाबा आझमी यांचे आणि अदृश्यतेच्या करामती पीटर परेरा यांच्या. संगणकाने चित्रे जुळविण्याची सोय तेव्हा नव्हती. हवेत तरंगणारी वस्तू दाखवायची म्हणजे चौकटीबाहेर उभे राहून कोणीतरी ती हालवायची. अदृश्य माणूस दाखविण्यासाठी खरोखर राबत होती ती कॅमेऱ्यापुढे न येणारी, पण जिवंत माणसे. हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे लागेल.

विज्ञानकथेतल्या बंदुकांचेही असेच असते. त्या भविष्यकाळातल्या म्हणून दाखवितात, पण पुष्कळदा असतात भूतकाळातल्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये पांढऱ्या चिलखतातले शिपाई जी प्रकाशबाण सोडणारी शस्त्रे वापरतात, ती मुळात स्टर्लिंग नावाच्या ब्रिटिश बंदुकीवर बेतलेली होती. तीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनत असे. ज्या कार्बाइनला आपण पोलिसाच्या खांद्यावर पाहून ओळखतो, तिच्यावर दोनचार नळ्या बसविल्या की ती ताऱ्यांच्या लढाईस निघाली. १९९७ च्या 'मेन इन ब्लॅक' या विनोदी चित्रपटात नायकाला एक चिमुकले पिस्तूल देतात. तो चिडतो, पण चाप ओढताच समोर प्रचंड स्फोट होतो आणि हा स्वतः उडून मागे आदळतो. लोक हसतात. क्रिया तितकी प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम शाळेत जो समजत नाही तो येथे समजतो. बंदूक पुढे जेवढे ढकलते तेवढेच मागेही ढकलते. तिच्या पाठीमागे उभा असलेला माणूसही तिच्या हिशेबातच असतो.

चित्रपटातली बंदूक कशी असते, तेही थोडक्यात सांगतो. काडतुसाचे चार भाग: पितळी टोपण, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टिकली, आत दारू आणि तोंडाशी गोळी. लांबून दिसायचे असेल तेथे बंदूक लाकडाची, रबराची किंवा प्लास्टिकची चालते. काडतुसे जवळून दाखवायची असतील तेथे दारू नसलेली, नुसती दिसायला गोळी असलेली खोटी काडतुसे भरतात. आणि जाळ व आवाज हवा असेल तेथे दारू असलेले पण गोळी नसलेले काडतूस वापरतात. या शेवटच्या प्रकारास लोक 'रिकामे' म्हणतात, आणि सारा अनर्थ या शब्दात आहे. ते रिकामे नसते. त्यातून गोळी निघत नाही. पण तापलेला वायू निघतो, आणि जवळून तो गोळीसारखाच मारतो. १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने चित्रीकरणाच्या जागी थट्टेने असे पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती, तरी तो वाचला नाही.

३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा अठ्ठावीस वर्षांचा नट असाच गेला. ब्रूस ली यांचा हा मुलगा. तेथे खोटी काडतुसे विकत आणण्याऐवजी खऱ्यांतली दारू काढून ती तयार केली होती. पण बुडाची टिकली राहून गेली. तिच्या एवढ्याशा जोराने गोळी सुटून नळीत अडकून बसली. नळी कोणी तपासली नाही. पुढे त्याच पिस्तुलात 'रिकामे' काडतूस भरून चाप ओढला, आणि मागच्या दारूने पुढची अडकलेली गोळी बाहेर फेकली. दोन अर्ध्या चुका मिळून एक पुरा मृत्यू झाला.

तिसरी घटना २१ ऑक्टोबर २०२१ ची, न्यू मेक्सिकोतील. चित्रपट विज्ञानकथेचा नव्हे, घोडेस्वारांचा. पण बंदूक ती बंदूक. 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत नट अॅलेक बाल्डविन यांच्या हातातील पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलीना हचिन्स मरण पावल्या. दिग्दर्शक जखमी झाला. पिस्तूल नटाच्या हाती येताना सहायक दिग्दर्शकाने पुकारले होते की, बंदूक 'थंड' आहे, म्हणजे निर्धोक आहे. त्याने सगळी काडतुसे पाहिली नव्हती. खरी गोळी जेथे असताच कामा नये तेथे ती आली कशी, याचा खटला झाला आणि मार्च २०२४ मध्ये शस्त्रे सांभाळणारी तरुण स्त्री दोषी ठरली आणि पुढे तिला अठरा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिची चूक होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण कामगार संघटकाला त्या प्रकरणातल्या दुसऱ्या दोन गोष्टी दिसतात. त्या मुलीकडे शस्त्रांबरोबरच सामानसुमानाचे दुसरे कामही दिलेले होते. आणि त्याच दिवशी सकाळी कॅमेरा-विभागातील अनेक कामगार, राहण्याची सोय आणि सुरक्षितता यांबद्दलच्या तक्रारी ऐकल्या जात नाहीत म्हणून काम सोडून निघून गेले होते. इशारा दिला गेला होता. ज्यांनी दिला ती माणसे अदृश्य होती. पुढे सरकारी खात्याने निर्मात्यांना दंड केला. पण दंड भरून माणूस परत येत नाही.

आपण म्हणाल, अमेरिकेच्या गोष्टी वाळूजला कशाला? म्हणून आता स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगण्याचे धैर्य यावयास पुष्कळ वर्षे लागली.

१९९१ साल असावे. आम्ही पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर मदतनीस होतो. प्रेस चालविणारे सोबती आमच्याहून वयाने मोठे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. रात्रपाळी होती आणि सकाळी गाडी भरून माल जायचा होता. डायमध्ये पत्रा अडकला. अण्णांनी विचारले, 'बंद केलंस का रे?' आम्ही बटण दाबले, मोटरचा आवाज थांबला, आणि आम्ही म्हणालो, 'हो अण्णा, बंद आहे.' अण्णांनी आत हात घातला. काय अडकले ते पाहावे म्हणून आम्ही वाकलो, आणि आमचा पाय पेडलवर पडला.

मोटर बंद होती, पण मागचे जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, ते फिरतच होते. मोटर थांबली तरी ते काही वेळ फिरत राहते, आणि त्याच्यात साठलेला जोर एक वेळ डाय खाली आणावयास पुरतो. अण्णांची दोन बोटे गेली.

चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे चार शब्दांइतके भासणारे दोन शब्द लिहिले गेले, आणि कागद मिटला. आम्ही दवाखान्यात गेलो, ते पायांशी उभे राहिलो. अण्णांनी पाहिले आणि म्हणाले, 'तू खोटं नाही बोललास. तुला ठाऊकच नव्हतं. आपल्याला कुणी सांगितलंय का कधी?' पुढे ते गावी गेले. आम्ही युनियनमध्ये आलो, ते कोणाचे पुस्तक वाचून नव्हे, या वाक्यामुळे.

म्हणून त्या सहायक दिग्दर्शकाचे नाव आम्ही येथे घेतले नाही. त्याची जागा आम्ही ओळखतो. 'बंदूक थंड आहे' आणि 'मशीन बंद आहे' ही एकच वाक्ये आहेत. दोन्ही खरी वाटतात, दोन्ही घाईत बोलली जातात, आणि दोन्हींची किंमत बोलणारा देत नाही. हात घालणारा देतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात फिरत्या चाकाला कुंपण असावे असे स्पष्ट लिहिलेले होते. आमच्या त्या चाकाला ते नव्हते. कायदा कपाटात होता आणि चाक उघडे होते.

पुढे आम्ही जेथे जेथे संघटना बांधली तेथे पगाराच्या मागणीबरोबर चार मागण्या नेहमी घातल्या. पेडलऐवजी दोन बटणे, दोन्ही हातांनी दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये. चाक पुरते थांबल्याशिवाय कोणी हात घालू नये. हात घालण्यापूर्वी वरच्या भागाखाली लोखंडी आधार द्यावा. आणि यंत्राच्या कुलपाची चावी, ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात असावी. काही ठिकाणी हे एका बैठकीत मिळाले, एका ठिकाणी तीन वर्षे लागली. पहिल्या दिवशी मालक म्हणत, याने उत्पादन घटेल. आणि खरे सांगावयाचे तर काही कामगारही तेच म्हणत. बोटे शाबूत असतात तोपर्यंत बोटांची किंमत कोणालाच पटत नाही. चित्रीकरणाच्या जागीही नियम हेच आहेत: खरी काडतुसे आवारात येऊ नयेत, बंदूक नटाच्या देखत उघडून दाखवावी, नळीतून आरपार प्रकाश पाहावा, आणि रिकामी असली तरी कोणावर सरळ रोखू नये. हे नियम कोणा पंडिताने शोधले नाहीत; ज्यांनी प्रेते उचलली त्यांनी शोधले.

आपल्याकडचे चित्रपट-कामगारही कामगारच आहेत. त्यांच्यासाठी १९८१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. तरी ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईतील चित्रपट-कामगारांना थकलेल्या मजुरीसाठी आणि कामाच्या तासांना मर्यादा असावी म्हणून काम थांबवावे लागले. पडद्यावर कोट्यवधींची क्षेपणास्त्रे उडत असताना ती रंगविणाऱ्याची मजुरी थकलेली असू शकते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता शेवटाकडे येतो. 'मिस्टर इंडिया'त हसता हसता एक जागा अशी येते की, हसणे थांबते. बाँबस्फोटात टीना ही लहानगी मुलगी मरते. त्या दिवशी चित्रगृहात आमच्या पुढच्या रांगेलाही आवाज राहिला नव्हता. अदृश्य होण्याची विद्या हाती असूनही अरुणला तिला वाचविता आले नाही. तेव्हा आम्हांस त्याचे फक्त दुःख वाटले. आज त्यातला अर्थही कळतो. कथेत अदृश्य होणे हे बळ आहे. वास्तवात अदृश्य होणे हे मरण आहे. ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर आपल्या याच वाळूजच्या वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्यास आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मेले. साऱ्या गावाने नव्या वर्षाची तयारी चालविली होती. ती माणसे रात्री कारखान्यातच झोपत, हे त्या पहाटेपूर्वी आपणांपैकी किती जणांस ठाऊक होते? आम्हीही त्या रस्त्याने रोज जात होतो. कोणत्याही मोगँबोने त्यांच्यावर बंदूक रोखली नव्हती. ती आपल्याला दिसत नव्हती, एवढेच.

म्हणून हलक्याफुलक्या विषयाच्या अखेरीस तीन जड विनंत्या करतो. पहिली मुलांना: पुढच्या वेळी चित्रपटात गमतीची बंदूक दिसली की जरूर हसा, पण घरी येऊन विचारा, ती कोणी भरली आणि कोणी तपासली? दुसरी मोठ्यांना: पूर्वी कामगारांची नावे आरंभी येत, तेव्हा आपण बॅटरीच्या उजेडात खुर्ची शोधत असू, हल्ली ती शेवटी येतात, तेव्हा आपण दाराकडे धावतो. दोन मिनिटे बसा आणि ती नावे वाचा. तिसरी, येथे मागे उभ्या असलेल्या आमच्या पाळीवरच्या पोरांना. तुम्ही बसला नाहीत, कारण दहाच्या पाळीस जायचे आहे, हे आम्ही पाहतो आहोत. आज रात्री कोणी म्हणाले, 'बंद आहे, घाल हात,' तर उलट विचारा, 'दाखवा.' म्हणणारा तुमचा मित्र असला तरी विचारा. मित्र असेल तर आधी विचारा.

अण्णांनी तेवढे विचारले असते, तर आम्हांस वाईट वाटले नसते.